पूजेत ठेवलेली गाय

कलावंताच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की वर्षानुवर्षांची साधना एकाएकी फळाला येते आणि त्याच्या चित्रात प्राण उतरतो. माझ्या आयुष्यात तो क्षण आला तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो.

दसऱ्याची सकाळ होती. डोक्याला साबण, डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे गाय. ही गाय दोन महिने माझ्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. 'हंबर पशुखाद्य' नावाच्या कंपनीच्या गोणीवर ती छापली जायची होती. दुपारी बारापर्यंत ती पुण्याला पोचली नाही, किंवा पोचून नापास झाली, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिखरे इंजिनिअरांच्या ऑफिसात सेप्टिक टँकचे नकाशे काढायला परत जाणार होतो. तसं घरात ठरलं होतं. शिखऱ्यांनी खुर्ची रिकामी ठेवली होती आणि अण्णांनी माझा पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला होता.

ती नोकरी मी आदल्या दसऱ्याला सोडली होती. नऊ वर्षं सेप्टिक टँक काढल्यावर माणसाला आपल्या आत एक चित्रकार आहे असं वाटू लागतं, तसं मला वाटलं. मी एक टॅबलेट घेतला आणि त्याचं पेन घेतलं. पेन काचेवर टेकवलं की रेघ उमटते. दाबलं तर जाड उमटते, हलकं धरलं तर केसासारखी. या पेनानं मी वर्षभरात एका शिकवणीचं बोधचिन्ह, दातांच्या डॉक्टरांसाठी एक हसणारी दाढ आणि वाढदिवसाच्या फलकांवरचे असंख्य भावी नगरसेवक रंगवले होते. नगरसेवकांना केस लावून द्यावे लागत. याला आमच्या विट्यात कुणी व्यावसायिक चित्रकला म्हणत नव्हतं. अण्णा तर चित्रकलाही म्हणत नव्हते.

अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले. विट्यातल्या दोन पिढ्यांचा दोन डोंगरांमधला सूर्य अण्णांच्या हाताखाली उगवलेला आहे. टॅबलेट घरी आला त्या दिवशी त्यांनी चष्मा लावून त्याची चौकशी केली होती.

"चुकलं तर काय करायचं?"

"दोन बोटं टेकवायची. शेवटची रेघ जाते."

"म्हणजे चूक राहतच नाही?"

"नाही."

"मग शिकणार कशावरनं?"

त्यांनी पेनाचं टोक उजेडात धरलं. "हे झिजतं का?"

"नाही अण्णा."

"ज्यात काहीच झिजत नाही त्याला कला म्हणत नाहीत. करमणूक म्हणतात."

त्यानंतर वर्षभर त्यांनी टॅबलेटला हात लावला नाही. जेवायच्या टेबलावर तो मध्ये आला, तर ते स्वतःचं ताट उचलून दुसरीकडे न्यायचे.

आणि मग गाय आली. कंपनीतर्फे माझ्याशी बोलायला मधुरिमा मॅडम होत्या. त्या मार्केटिंग शिकून आल्या होत्या, आणि गाय त्यांनी बहुधा गाडीच्या काचेतून पाहिलेली होती. पहिली गाय मी पाठवली तेव्हा त्यांचा फोन आला.

"हेमकांत सर, गाय खूप छान आहे. फक्त तिच्यात कॉन्फिडन्स दिसत नाहीये."

मी मान उंच केली, छाती पुढे काढली, आणि पाठवली.

"आता साहेबांना ती गुर्मी वाटतेय. थोडी घरगुती करा ना. पण घरगुती म्हणजे गरीब नको."

मी गळ्यात घंटा घातली. घंटेनं गाय देवस्थानची वाटते असं ठरलं. घंटा काढली. मग ती भटकी वाटू लागली. मी शिंगं लांब केली, आखूड केली, पाठीमागं हिरवळ पसरली, हिरवळीवर ऊन पाडलं. प्रत्येक वेळी मॅडम म्हणायच्या, "सगळं आहे सर, पण काहीतरी नाहीये." हे वाक्य मी भक्तिगीतांबाहेर पहिल्यांदाच ऐकत होतो.

एका संध्याकाळी अण्णा चहाचा कप घेऊन माझ्या पाठीमागे थांबले.

"मेलेली आहे," ते म्हणाले.

"अण्णा, उभी आहे ती."

"उभ्या उभ्या मेलीय."

आणि चहा सांडू नये म्हणून सावकाश निघून गेले.

तर त्या दसऱ्याला मी डोकं पुसत बाहेर आलो. गायीचं सगळं काम पहाटेच उरकलेलं होतं. खाली 'हंबर' ही अक्षरं लाल रंगात लिहून मी आंघोळीला गेलो होतो. आता एकदा नजर टाकायची आणि पाठवून द्यायची. टेबलावर टॅबलेट नव्हता.

"शलाका, टॅबलेट कुठाय?"

माझी बायको दाराला झेंडूचं तोरण बांधत स्टुलावर उभी होती. तोंडात दोरा असल्यामुळे तिनं नुसती हनुवटी देवघराकडे केली.

देवघरापुढे पाट मांडला होता. पाटावर अण्णांचे जुने ब्रश होते, आईची शिवणाची कात्री होती, विळी होती, शलाकाच्या स्कूटरची किल्ली होती, आणि या सगळ्यांच्या मधोमध, समईसारखा उजळलेला, माझा टॅबलेट होता. काम करताना तो सारखा झोपू नये म्हणून मी तशी सोय करून ठेवली होती. पडद्यावर गाय उभी होती. तिच्या कपाळावर हळद होती, कुंकू होतं, तोंडावर अक्षता होत्या आणि एका शिंगावर झेंडूचं फूल होतं. पेनालाही कुंकवाचं बोट लागलेलं होतं. अण्णा सोवळं नेसून डोळे मिटून बसले होते.

"अण्णा, हे काय?"

"हत्यारांची पूजा," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणता, हे हत्यारच नव्हे."

"ते मी तुला म्हणतो. देवासमोर घरातली भांडणं काढायची नसतात."

मी टॅबलेटकडे हात नेला. आई स्वयंपाकघरातून श्रीखंडाच्या हातानं बाहेर आली. "हेमू, हात नाही लावायचा. पूजेतलं हत्यार आहे. संध्याकाळी सोनं लुटून आलो की उत्तरपूजा करू, मग घे."

"आई, मला बारापर्यंत पाठवायचंय."

"काल का नाही पाठवलंस?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही चित्रकाराकडे उत्तर नाही.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "सर, झालं का? साहेब आत्ता ऑफिसमध्येच आहेत. आज मुहूर्तावर फायनल करून गोणी छापायला देणार. नाही तर ते दुसरीकडून घेणार आहेत, एकानं तयार गाय दाखवलीय त्यांना."

"पाठवतोच," मी म्हणालो आणि पाटासमोर मांडी घालून बसलो. "अण्णा, एकदाच हात लावतो."

"पूजेतल्या हत्याराला काम सांगायचं नसतं."

"काम झालंय. नुसतं पाठवायचंय."

"पाठवणं हे काम नाही?"

शलाका स्टुलावरून उतरली. ती पतपेढीत कर्ज विभागाला होती. कुठल्याही नियमातून वाट असते आणि ती अर्जदारानं नीट विचारल्यास सापडते, यावर तिचा विश्वास होता.

"अण्णा," ती म्हणाली, "पूजेतल्या वस्तूवर फूल वाहिलं तर चालतं?"

"फूल कितीही वाहा."

"कुठंही?"

अण्णांनी एक डोळा उघडला. "कुठंही म्हणजे?"

"म्हणजे वरच्या कोपऱ्यात. तिथं चौकोन आहे त्यावर."

अण्णांनी दुसराही डोळा उघडला. बराच वेळ त्यांनी देवाकडे पाहिलं. देवाची काही हरकत दिसली नाही.

"भिजवून वाहा," ते म्हणाले. "कोरडं फूल वाहत नाहीत."

हे बरंच झालं, कारण काच बोटाचा ओलावा ओळखते. कोरड्या झेंडूला तिनं दाद दिली नसती. आईनं हात धुऊन ताम्हनात फुलं भिजवली. मी जागा दाखवायची आणि आईनं फूल टेकवायचं, असं ठरलं, कारण माझ्या मनात कामाचा हेतू होता आणि आईच्या मनात भक्ती.

"इथं, आई. कोपऱ्यात."

आईनं फूल टेकवलं. यादी उघडली. अण्णांनी मंत्र सुरू केला.

"आता खाली. हिरव्यावर."

"हिरव्यावर कसलं फूल वाहू, जास्वंद आहे."

"कुठलंही चालेल. आता 'मधुरिमा' आहे ना, तिथं."

"ही कोण?" आईनं फूल हवेतच धरलं.

"गाईवाल्या मॅडम."

"लग्न झालंय का तिचं?"

"आई, वाहा."

आईनं मधुरिमेवर फूल वाहिलं. शेवटचं फूल बाणाच्या खुणेवर पडलं. टॅबलेटनं 'टुंग' असा आवाज केला. अण्णांनी त्याच लयीत घंटा वाजवून घेतली, म्हणजे तो आवाज पूजेचाच वाटावा. गाय पुण्याला गेली. शेवटची नजर टाकायची राहूनच गेली होती. टाकली असती तरी गाईच्या तोंडावर मूठभर अक्षता होत्या.

जेवायला श्रीखंड होतं. मी त्यात पुरी बुडवून तशीच धरून बसलो होतो. पांढरा शर्ट समोरच्या दारावर हँगरला लटकत होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं मला बाही हलवून बोलवत होता.

फोन वाजला.

"हेमकांत सर," मॅडमचा आवाज वेगळा होता. "तुम्ही हे काय केलंत?"

माझ्या हातातली पुरी वाटीत पडली. "काय झालं?"

"कुंकू."

मी देवघराकडे पाहिलं. टॅबलेट पाटावर होता, कुंकू टॅबलेटवर होतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? कपाळावरच लावलंय की तुम्ही. काय आयडिया आहे. एवढंसं कुंकू आणि गाय एकदम घरची झाली."

मी सेप्टिक टँकांत नऊ वर्षं काढलेला माणूस आहे. कुठला द्रव कुठून कुठे झिरपतो याचं मला रीतसर शिक्षण आहे. पण काचेवर लावलेलं कुंकू फाइलमध्ये उतरून पुण्याला पोचावं, असा मार्ग मला सापडेना.

"आणि ते डोळे, सर. साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाले, ही तर आमची तांबू. लहानपणी त्यांच्या गोठ्यात होती म्हणे. म्हणाले, तांबू अशीच पापण्या खाली करून बघायची, दूध काढताना."

"पापण्या," मी म्हणालो.

"त्या पापण्यांनीच तर केलं सगळं."

"हो," मी म्हणालो. "त्यांवर बरीच मेहनत आहे."

समोर बसलेले अण्णा ताटातल्या मिठाकडे पाहू लागले.

"साहेब म्हणाले, आता सगळ्या गोणी यांच्याकडूनच. शेळी, कोंबडी, वासरं, वर्षभराचं काम धरा. फक्त प्रत्येकाला असाच डोळा पाहिजे."

फोन ठेवला तेव्हा मी काय बोललो ते मला आठवत नाही. शलाकाला आठवतं. ती सांगते, की मी आधी "पास" असं म्हणालो आणि मग आईच्या वाटीतलं श्रीखंड खाल्लं. आईनं देवापुढे साखर ठेवली. शलाकानं हँगरवरचा शर्ट काढला, घडी केली आणि कपाटात तळाशी घातला. अण्णा म्हणाले, "कोंबडीला पापण्या कशा असतात ते बघून ठेव," आणि वामकुक्षीला गेले.

संध्याकाळी आम्ही सगळे मैदानावर सोनं लुटायला गेलो. गर्दीत शिखरे इंजिनिअर भेटले. मी आपट्याचं पान पुढे केलं. आता यांना कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती.

"सोनं घ्या साहेब. जरा बोलायचं होतं. उद्यापासून मी..."

"येणार नाहीस. माहितीय की," शिखरे म्हणाले. "सरांचा फोन आला होता. खुर्ची मी देशमाने म्हणून एकाला दिली. टँक बरे काढतो, तुझ्यासारखी त्याच्या कडेला फुलझाडं काढत नाही."

"फोन कधी आला?"

"सकाळी. आठ वाजले असतील. म्हणाले, हेमू आंघोळीला गेलाय, तोवर सांगून ठेवतो."

मी वळून पाहिलं. अण्णा लांब उभे राहून जुन्या विद्यार्थ्यांकडून पाया पडून घेत होते. मॅडमचा फोन आला तेव्हा दुपारचं जेवण चाललं होतं. सकाळी आठला गाय पास झालेली नव्हती. सकाळी आठला ती पाठवलेलीसुद्धा नव्हती.

घरी आल्यावर आईनं उत्तरपूजा केली आणि हत्यारं ज्याची त्याला मिळाली. मी मऊ फडकं घेऊन काच पुसली. अक्षता गेल्या, हळद गेली, कुंकूही गेलं. कुंकवाखाली कुंकू होतं. मी परत पुसलं. ते जाईना, कारण ते काचेच्या आत होतं. रंग 'हंबर' या अक्षरांचा होता, कारण आंघोळीला जाताना मी टॅबलेटमधला ब्रश तसाच लाल ठेवून गेलो होतो, आणि बोटानं रंग पसरवता यावा म्हणून बोटाचा स्पर्शही चालू ठेवला होता.

एवढं मला समजलं. गाय दिसली की कुठलाही मराठी माणूस तिच्या कपाळालाच कुंकू लावणार. पण मी चित्र मोठं करून डोळ्यापाशी नेलं, आणि तिथं पापण्या होत्या. बारीक, लांब, मुळाशी जाड आणि टोकाला विरत गेलेल्या. अशी रेघ बोटानं येत नाही. ती पेनानं येते, तेही हात हलका असेल तर.

"अण्णा, गाईला पापण्या कुणी काढल्या?"

अण्णा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. ते वर्तमानपत्र कालचं होतं.

"कसल्या पापण्या?"

"यात एक सोय असते," मी म्हणालो. "चित्र कसकसं काढलं त्याची फिल्म आपोआप तयार होते. काढलेलं, पुसलेलं, सगळं दिसतं."

वर्तमानपत्र थोडं खाली आलं. "सगळं?"

"सगळं."

"हे तू आधी सांगायला हवं होतंस."

मी फिल्म लावली. आई आणि शलाका पदराला हात पुसत येऊन पाठीमागे उभ्या राहिल्या. माझी दोन महिन्यांची मेहनत भरभर पळाली: मान वर गेली, खाली आली, घंटा आली, गेली, ऊन पडलं. मग 'हंबर' लिहिलं गेलं आणि क्षणभर काहीच घडलं नाही. मग कपाळावर एक लाल ठिपका उमटला. तो पुसायचा प्रयत्न झाला, त्यात तो लांबट झाला. आणखी पुसला तसा गाईचा मळवट भरला गेला. मग एकदम सगळं नाहीसं झालं.

"दोन बोटं," मी म्हणालो.

ठिपका परत उमटला, या वेळी गोल आणि नेमका. मग डोळ्यावर एक पापणी आली, गेली. परत आली, जरा लांब. गेली. परत आली. ती आता इतक्या वेळा येत-जात होती, की गाय आमच्याकडे पाहून डोळे मिचकावतेय असं वाटू लागलं. आईला हसू आवरेना. अण्णा वर्तमानपत्र घडी करून खुर्ची पुढे ओढून बसले होते.

"ती मघाची," ते पडद्याकडे बोट करत म्हणाले, "तिसरी का चौथी. ती जास्त चांगली होती. ती का पुसली कुणास ठाऊक."

"कुणी पुसली?"

"ज्यानं काढली त्यानं."

"आणि शिखऱ्यांना फोन कुणी केला?"

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला. "सोन्यासारखा दिवस आहे," ते म्हणाले. "माणसाला चांगल्या दिवशी नाही म्हणावं. दुसऱ्या दिवशी त्याला जास्त लागतं." मग त्यांनी हात पुढे केला. "ते पेन बघू."

मी पेन दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं आणि टोक निरखून पाहिलं.

"झिजलंय?" मी विचारलं.

"थोडंसं," अण्णा म्हणाले.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर टॅबलेट मध्ये होता आणि अण्णांचं ताट त्याला खेटून होतं. शेळीच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, हे त्यांनी आम्हाला आमटीत बोट बुडवून ताटावर काढून दाखवलं. शलाका म्हणाली, चुकलं तर दोन बोटं बुडवा.

दिवाळी झाल्यावर छापलेली पहिली गोणी कंपनीनं घरपोच पाठवली. अण्णांनी ती अंगणात उन्हात पसरली, चष्मा लावला आणि खाली वाकले. गोणी प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली असते, तिच्यावर बारीक रेषा उठत नाहीत. शिंगं आली होती, कुंकू आलं होतं, हिरवळीवरचं ऊनही आलं होतं. पापण्या छापल्या गेल्या नव्हत्या.